मीगहावत्तचं फाटक

वकीलबाई रत्नायके यांनी बाकावरची धूळ फायलीने झटकली, तडजोडीचा कागद विमलसेनच्या गुडघ्यावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं. कोर्टाचा पुकारा व्हायला अजून थोडा वेळ होता.

"वाचून घे. रेल्वे खातं तुला परत घेतंय. मागच्या पगारासकट."

विमलसेनने वाचलं. तो राखत असलेल्या मीगहावत्तच्या रेल्वेफाटकावर एक पोरगी इंजिनाखाली गेली, आणि दुसऱ्याच दिवशी खात्याने त्याला घरी बसवलं होतं. काय झालं म्हणून कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्यालाही तीन पावसाळे होऊन गेले. कोर्टात उभं राहून काय सांगायचं ते त्याने इतक्यांदा मनात म्हटलं होतं, की हल्ली जेवतानाही त्याचे ओठ हलत. गाडी सुटली की स्टेशनातून फोन येतो, मग फाटक पाडायचं, अशी रीत. तो फोन आठवडाभर मुका होता. स्टेशनात जाऊन त्याने दोनदा सांगितलं होतं. माणूस पाठवतो म्हणाले. माणूस आला नाही, पण वेळापत्रकात नसलेलं एक रिकामं इंजिन मात्र आलं.

"यात फोनचं काहीच नाही," तो म्हणाला.

"शेवटची ओळ वाच."

शेवटच्या ओळीत फोन होता. फोनबद्दल तो यापुढे कुठेही काही बोलणार नाही, असं लिहिलं होतं.

वकीलबाई त्याच्या शेजारी बसल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या; फी तर त्यांनी अर्धीच घेतली होती. फोन बंद होता की चालू, ते हे कोर्ट बघणारच नाही, असं त्यांनी पुन्हा एकदा समजावलं. न विचारता काढलं, एवढंच कोर्ट बघेल. त्यावर तो जिंकेलही. मग खातं रीतसर चौकशी लावेल. चौकशीला बसणार त्यांचेच साहेब, आणि ती चालणार त्यांच्याच सवडीने.

"आणि मी झोपलो नव्हतो, हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. झोपला होतास असंही कुठे नाही."

गावात मात्र सगळे झोपला होता असंच म्हणत. शाळेतली पोरं त्याला झोप्या म्हणून हाक मारून पळत. विमलसेनला बायकोचे हात आठवले. काथ्या वळून वळून कुसुमाच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. भाताच्या घासाला मीठ लागलं तरी ती डोळे मिटून घेई. त्याने सही केली. आत न्यायमूर्तींनी मान डोलावली, पुढचा पुकारा झाला. इतक्या वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, ते त्या दिवशीही विचारलं नाही.

सोमवारी तो फाटकावर हजर झाला. मधल्या काळात तिथे असलेला माणूस पेटी आवरून बसलाच होता. किल्ल्या देताना त्याने फोनकडे हनुवटी केली.

"त्याच्या भरवशावर राहू नकोस. रुळाकडे कान ठेवायचा. बाकी नशीब."

विमलसेनने रिसीव्हर कानाला लावला आणि ठेवून दिला. त्याला हसू आलं, आणि त्या हसण्याची त्याला लाजही वाटली. याच खोक्याबद्दल तोंड बंद ठेवायचं लिहून देऊन तो पुन्हा याच्याच शेजारी येऊन बसला होता.

दुपार कलल्यावर जिनदास आला. मेलेल्या पोरीचा, हंसिकाचा बाप. तेव्हापासून तो फाटक टाळून लांबच्या पुलावरून जायचा. आज तो सरळ फाटकाशेजारच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"बस ना, जिनदास अय्या," थोरल्या भावाला म्हणावं तसं विमलसेन म्हणाला.

"बसायला नाही आलो. कोर्टाने तुला परत पाठवलं म्हणजे काहीतरी कारण असेल. ते मला सांग."

इतकी वर्षं घोकलेलं सगळं विमलसेनच्या तोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं. शेवटी त्याने रिसीव्हर उचलला आणि जिनदासपुढे धरला. जिनदासने तो कानाला लावला. बराच वेळ तो ऐकत राहिला, पलीकडून कुणी बोलत असावं तसा.

"काहीच नाही."

"तेव्हाही नव्हतं."

जिनदासने रिसीव्हर जपून जागेवर ठेवला.

"कोर्टात सांगितलंस हे?"

"नाही. सही करून आलो. हे कुठे बोललो तर नोकरी जाईल."

जिनदास त्याच्या नव्या कोऱ्या सदऱ्याकडे बघत राहिला. शिवी आली असती तर विमलसेनला बरं वाटलं असतं.

"उद्या तिचं दान आहे," जिनदास म्हणाला. "भिक्षू जेवायला येतील. गाव असेल."

पोरीच्या नावाने दरवर्षी भिक्षूंना जेवू घालायचं हे दान होई. अशा घरी नाव घेऊन कुणी बोलवत नाही, आपणहून जायचं असतं, नारळ किसू लागायचं असतं. विमलसेन एकदाही गेला नव्हता.

तेवढ्यात वळणाआडून भोंगा आला. ही गाडीची वेळ नव्हती. विमलसेन झेपावला आणि फाटकाचं चाक गरागरा फिरवू लागला, पण आडवा दांडा आपल्याच चालीने खाली येत होता, आणि उतारावरून बस येत होती. दांड्याखालून वाकून जिनदास रस्त्यात जाऊन उभा राहिला होता, दोन्ही हात पसरून. बस त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून त्याच्या आईबापांचा उद्धार केला. मागून मालगाडी धडधडत निघून गेली, तरी जिनदासचे हात खाली आले नाहीत.

विमलसेनने फाटक वर केलं. बस गेली. मग तो रस्त्यात गेला आणि जिनदासचे हात धरून त्याने ते हळूच खाली घेतले.

"भिक्षू किती वाजता येतात?" त्याने विचारलं.