डाग न पडणारा रुमाल

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उशिरा आलेले खिडक्यांत चढून बसले होते. स्टेजवर खुर्चीत दंतबाबांची सून तोंड उघडून बसली होती. बाबांनी पांढराशुभ्र रुमाल बोटाला गुंडाळला, सुनेच्या हिरड्यांवरून खसाखसा फिरवला आणि उंच धरला.

"बघा! आहे एक तरी डाग? तुम्ही नुसता ब्रश लावलात तरी रक्त येतं, आणि मी इथं भांडं घासल्यासारखं घासतोय! का येतं तुमचं रक्त? पोटातला क्रोध वाट शोधतो! आमचं चूर्ण त्या क्रोधाला कुलूप घालतं!"

क्रोधाला कुलूप! उचलली जीभ लावली टाळ्याला. पण टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मागच्या टेबलावर लाल चूर्णाच्या डब्या हातोहात खपू लागल्या. त्या टेबलावर बाबांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा बसला होता. स्टेजच्या कडेला बाबांची बायको तोंडावर रुमाल धरून बसली होती. तिनं कायमचं मौन धरलंय, असं बाबा सांगत, आणि लोक तिच्यासमोरही मान लववत.

सून मात्र एवढीच काळजी करत होती की रुमाल पुढच्या दाताला अडकू नये. तो दात हलत होता.

हे तिला कळलं ते शिवणाच्या दुकानात. ती तिथं शर्टांना बटणं लावायची आणि सगळ्यांसारखाच दोरा दातानं तोडायची. परवा दोरा तुटला नाही, दातच मागे झुकला. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं.

"हळू बोल," नवरा दार लावत म्हणाला. "आणखी चूर्ण लाव. बसेल घट्ट."

"मी डॉक्टरकडे जाऊन येते."

"वेड लागलंय का तुला? दंतबाबांची सून दातांच्या डॉक्टरकडे! कुणी पाहिलं तर उद्या आपण खायचं काय?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सांगावं तर घर उठतं, न सांगावं तर दात जातो. त्या घरात मन मोकळं करावं असं कुणी नव्हतं. सासूबाई घरातही बोलत नसत आणि जेवायलासुद्धा स्वतःच्या खोलीत दार लावून बसत. त्यांचे दात वयानं पडले, असं बाबांनी सांगितलं होतं. सासूबाईंचं वय तसं फार नव्हतं, पण सुनेनं त्यावर कधी विचार केला नव्हता.

शेवटी एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती दुकानावरचा जिना चढली. वर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता.

डॉक्टरीणबाईंनी खुणा केलेली एक बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच सरकवली. चांगल्या हिरडीत ती लगेच थांबते. इथं ती जातच राहिली.

"हिरड्यांतून रक्त येत नाही तुमच्या?"

"थेंबसुद्धा नाही," सून सवयीनं म्हणाली.

"हिरडी इतकी खोल सुटलीय आणि रक्त नाही? दाताला लावता काय?"

तिनं कापराच्या वासाचं लाल चूर्ण सांगितलं, बाबांचं नाव गिळलं.

"एखादे दिवशी नाही लावलं, तर डोकं दुखतं? चिडचिड होते? तोंड कसंसंच होतं?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात भाजलेली तंबाखू असणार. वासाला कापूर, रंगाला गेरू. तंबाखूनं हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही. दुखणं आत चालूच राहतं. दातांवर थर साचतो, त्याचा दगड होतो, हिरडी सुटते, खालचं हाड झिजतं. रक्त म्हणजे राखणीचं कुत्रं हो. ते भुंकतंय म्हणून तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. चोर आहे तिथंच आहे."

सुनेला रडू फुटलं. आपल्याच तोंडात हे इतके दिवस चाललं होतं, आणि त्यावर आपण टाळ्या घेत होतो!

"हा दात वाचेल की नाही, सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकीचे वाचतील. पण आधी ते चूर्ण सोडा. काही दिवसांनी रक्त येऊ लागेल. घाबरू नका, लगेच इकडे या."

तिनं चूर्ण सोडलं. बोटावर घ्यायचं आणि मोरीत धुवून टाकायचं. पहिले काही दिवस डोकं ठणकलं, हात डबीकडे धावायचा, शिवताना सुई बोटात जायची. आपण घराच्याच नव्हे तर डबीच्याही कैदेत होतो, हे तिला तेव्हा कळलं.

पुढच्या महिन्याचा दरबार आला. तीच खुर्ची, तोच पांढरा रुमाल. बाबांनी सवयीनं रुमाल फिरवला, उंच धरला आणि न बघताच ओरडले, "आहे एक तरी डाग?"

"आहे की!" पहिल्या रांगेतला न्हावी म्हणाला.

रुमाल लाल झाला होता. बाबांचा चेहरा पडला, पण असली माणसं मांजरासारखी चार पायांवरच पडतात.

"सूनबाई, खरं बोल. चूर्ण चुकवलंस?"

"सोडलं मी," सून उभी राहून म्हणाली. "त्यात तंबाखू आहे. त्यानं फक्त रक्त थांबतं, रोग नाही. माझा दात हलतोय."

"ऐकलंत?" बाबा गरजले. "चूर्ण होतं तोवर रक्त नव्हतं. सोडलं आणि आलं! याहून मोठा पुरावा काय हवा?"

"खरंय, खरंय!" लोक ओरडले. टेबलाकडे पुन्हा रेटारेटी सुरू झाली. सुनेनं सत्य सांगितलं आणि चूर्णाचीच जाहिरात झाली.

तेवढ्यात कडेच्या खुर्चीतून आवाज आला. बोबडा, फुसफुसता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला.

"मी कधीच सोडलं नाही."

मौनातली बाई बोलली म्हटल्यावर टेबलाकडची माणसंही मागे वळली. सासूबाई पुढं आल्या.

"हिच्याआधी या खुर्चीत मी बसायचे. वर्षानुवर्षं. रोज चूर्ण लावलं, आजही लावलंय. रक्ताचा थेंब कधी आला नाही." त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला आणि तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता. "दात गेले, तेव्हा यांनी मला मौन दिलं."

बाबा काहीतरी पुटपुटले, पण ते कुणी ऐकलं नाही. न्हाव्यानं डबी उघडून नाकाशी धरली, कापराच्या वासामागचा वास ओळखला आणि म्हणाला, "अहो, ही तर सरळसरळ तंबाखू!" डब्या परत करायला आता वेगळी रेटारेटी सुरू झाली.

वाचकहो, हिरडीतून रक्त येणं हा क्रोध नाही, पाप नाही, कुणाची करणी नाही. ती सूचना आहे. दोन वेळा मऊ ब्रशनं दात घासा, दातांमधल्या फटी साफ करा, साचलेला दगड डॉक्टरांकडून काढून घ्या, तंबाखूला तोंडात थारा देऊ नका. आणि कुणी नुसती खूण पुसून रोग गेला म्हणालं, तर त्याला विचारा, आत मोजून बघितलंस का?

सुनेचा पुढचा दात शेवटी काढावाच लागला. बाकीचे राहिले. ती आता गळ्यात कात्री अडकवून दुकानात बसते. सासू-सुना दुकानामागच्या खोलीत राहतात, नवरा अजून बापाकडे की बायकोकडे, ते ठरवतोय. सकाळी सून ब्रश करते तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या असतात. रोज एकच प्रश्न.

"आलं का ग?"

"थोडंसं," ती म्हणायची. मग "अगदी थोडं." परवा ती चूळ भरून हसतच वळली. "आज अजिबात नाही, आई!"

सासूबाई हसल्या नाहीत.

"मग आजच डॉक्टरीणबाईंकडे जा," त्या म्हणाल्या, "आणि सळई घालून खात्री करून घे."