कुलूप लावलेली फाईल

काल चिनात्सुच्या सासूबाई नातीला आणायला गेल्या, तर पाळणाघरातल्या बाईंनी त्यांना दारातच थांबवलं. चेहरा ओळखीचा, नात 'आज्जी' म्हणून झेपावलेली, तरी आधी चिनात्सुला फोन. “मी काय पोरं पळवणारी दिसते?” सासूबाई जेवताना फणफणल्या. चिनात्सुने मान खाली घालून भात संपवला. मनातून तिला बरंच वाटलं होतं.

आज ती साबाए शहरातल्या चष्म्याच्या फ्रेमच्या कारखान्यात कामावर होती. बाळंतपणाच्या रजेनंतर साहेबांनी कमी तासांची नोकरी दिली होती, आणि ऑफिसचे मेल तिच्या गळ्यात घातले होते.

बिजागऱ्या बनवणाऱ्या याशिरो-सानांचा मेल आला. सोबत कुलूप लावलेली फाईल. पाठोपाठ दुसरा मेल, त्यात पासवर्ड. सगळीकडे अशीच पद्धत. कुलूप एका पाकिटात, किल्ली दुसऱ्यात, आणि दोन्ही एकाच पोस्टमनच्या हाती! सुरक्षेसाठी सुरू झालेलं, आता शिष्टाचार होऊन बसलेलं. नको ते मेल अडवणाऱ्या यंत्रणेला कुलपाच्या आतलं दिसत नसे, म्हणून ती अशा फाइली मुकाट आत सोडायची.

चिनात्सुचा हात माउसवर थबकला. याशिरो-सान एका बोटाने टाइप करणारे म्हातारे गृहस्थ. फाईल पाठवून किल्ली हमखास विसरायचे. आज दोन्ही मेल जोडीने कसे?

“ओगिनो-सान, उघडा की,” मागून किताजिमा साहेब चिनात्सुला म्हणाले. “ताटकळत ठेवलं तर काय म्हणतील ते?”

“एक फोन करून विचारते.”

“म्हणजे त्यांच्यावर संशय? अहो, आई झाल्यापासून तुम्हाला जिकडेतिकडे ताप दिसतो!”

ती कसंनुसं हसली. म्हातारा दुखावला तर साहेबांनी दिलेली सवलत काढून घ्यायला कितीसा वेळ? पण फाईलमधून व्हायरस आत शिरला तर नव्या फ्रेमची सगळी ड्रॉइंग चोरीला गेली म्हणून समजा.

तिने फोन लावला.

“मी पाठवलं?” पलीकडे यंत्राची घरघर चालू होती. “सकाळपासून मशीनवर आहे, बाई. आमचा कॉम्प्युटर कालपासून अंगात आल्यासारखा करतोय. आणि मी कधी वेळेवर किल्ली पाठवलीय का?”

चिनात्सुने फोन साहेबांच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं, हवेतच दोनदा वाकून आभार मानले आणि फोन ठेवला. मग खाकरून ऑफिसभर ऐकू जाईल असं म्हणाले, “याशिरो-सानांचे मेल कुणी उघडायचे नाहीत. आणि ओगिनो-सान, उद्यापासून कुलपाच्या फाइली आपण घेतच नाही, असं सगळ्यांना कळवा. नम्रपणे.”

दुपारी याशिरो-सान छोट्या ट्रकमधून स्वतःच आले. बिजागऱ्यांची ड्रॉइंग कागदावर, सोबत मिझुयोकान, हिवाळ्यात खायची गारेगार गोड वडी.

“थांबा!” साहेबांनी दारातच हात आडवा केला. “फोन करून विचारतो, हे खरंच तेच का.”

म्हातारा खो खो हसला. तेवढ्यात चिनात्सुचा फोन वाजला. पाळणाघर. पोरीला ताप आला की काय? पण ताप नव्हता, सासूबाई दारात उभ्या होत्या.

“हो, त्याच आहेत,” ती म्हणाली. “आणि विचारलंत, बरं केलंत.”