फेसाळती तपासणी

"भूमध्य समुद्राकाठचा स्वयंपाक ज्याला आला, त्याला जगात कुणाच्या आधाराची गरज नाही," असं निवृत्त कंपाउंडरांनी रिकाम्या स्वयंपाकघराला ठणकावून सांगितलं. मग त्यांच्या लक्षात आलं की माशाला तेल-लसूण चोळून झालं होतं आणि खवले काढायचे राहिले होते.

तेलकट माशाशी झटापट झाली. मासा एकदा सिंकमध्ये पडला, एकदा चपलेवर. शेवटी खवले निघाले, सोबत अंगठ्याचं थोडं सालटंही.

जिवाला घोर होता तो लेकीचा. एकटे राहून चहा-टोस्टवर दिवस ढकलणार असाल तर बाडबिस्तरा गुंडाळा आणि आमच्याकडे चला, असं तिनं निक्षून सांगितलं होतं. खोलीसुद्धा रंगवून ठेवली होती. आज ती नवऱ्याला घेऊन जेवायला येणार, म्हणजे तपासणीलाच. लेक गुणाची होती, पण तिच्या घरी आपल्याला दुपारी सक्तीनं झोपवतील, या धास्तीनं कंपाउंडरांची रात्रीची झोप उडाली होती.

ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर त्यांनी जुन्या सवयीनं डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली होती. एक डोस टोमॅटोवर, दोन माशावर. मासा ओव्हनमध्ये गेला आणि कंपाउंडर खिडकीशी. खिडकीतून ओव्हनशी, तिथून टेबलाशी, पुन्हा खिडकीशी. ग्लास तीनदा पुसले. चौथ्यांदा पुसताना बेल वाजली.

मासा बघून लेकीच्या भुवया वर गेल्या. बऱ्या अर्थानं की वाईट, ते कळेना. आता उरली वाईन. माशासोबत ही फेसाळती पांढरीच जुळते, फक्त गार हवी, असं दुकानदार म्हणाला होता. गार ती होतीच. पण उभ्या नोकरीत कंपाउंडरांनी एकही बाटली न हलवता कुणाच्या हाती दिली नव्हती. त्यांनी ती दोन्ही हातांनी नीट, जबाबदारीनं हलवली.

बूच छताला लागलं. वाईन आधी जावयाला लागली, मग माशाला.

जावयानं मिशीवरचा थेंब चाखला, मग माशाचा तुकडा तोंडात टाकला.

"बाबा, जुळलीय हो."

लेकीनं नवऱ्याकडे रागानं पाहिलं, घास घेतला, मग दुसरा घेतला. तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाली, "बरं. राहा इथंच. पण रविवारी मी येऊन बघणार."

कंपाउंडरांची छाती फुगली. स्वावलंबन म्हणजे काय, यावर ते जेवण संपेपर्यंत बोलले, आणि दोघं चपला घालेपर्यंतही बोलत राहिले. दार उघडल्यावर मात्र त्यांनी लेकीला हळूच बाजूला घेतलं.

"जाण्याआधी तेवढा ओव्हन बंद करून देतेस? शेजारीण चालू करून गेली, बंद कसा करायचा ते विचारायचं राहिलं."