एक मिनिट बेचाळीस सेकंद

आमच्या दारव्ह्यात अक्कल सोडून बाकी सारं मिळते. मी हे उगाच नाई म्हणत. एकतीस वर्षं यष्टीत काढली, त्यातली चौदा स्टँडवर कंट्रोलर म्हणून. खिडकीच्या मांगं बसून अर्धा तालुका पाह्यला म्या. शहाणा माणूस हाताच्या बोटावर मोजावा लागते, अन् तेवढी बोटंही लागत नाईत.

माही भाची उर्वशी वीस वर्षांची. बहीण प्रभावतीचा नवरा वारल्यापासून दोघी मायलेकी माह्याच घरी राह्यतात. पोट्टीले तीन वर्षांपासून मिरगीच्या फिट येतात, महिन्यातून दोन-तीनदा. अन् मिरगी म्हटली का सारं गाव डॉक्टर! शेजारीण म्हणे भगताकडे न्या, बाहेरचं हाये. नेमसिंग ड्रायव्हर म्हणे, "मामा, लगन लावून द्या, आपोआप जाते." मी म्हणलं, "बाप्पा, लगन झाल्यावर तुही अक्कल आपोआप गेली, ते पाह्यलं आम्ही." आमच्या घरानं छप्पन साली देव सोडले, भगत सोडले, धागेदोरे सोडले. अन् हे उंटावरचे शहाणे मले लिंबू कापाले सांगतात!

मी आपला शास्त्रानं चालणारा माणूस. गावातल्या डॉक्टरची गोळी सुरू केली. फिट आली का प्रभावती दार लावे, पोट्टीवर चादर टाके. चारचौघांत तमाशा नको. मी चादरीखाली हात घालून नाकाले चप्पल लावो, दातात चमचा देवो अन् हातपाय दाबून धरो. चप्पल म्हणजे काही अंधश्रद्धा नाई. तो उपाय हाये, वासानं माणूस शुद्धीवर येते. एवढंही ज्याले समजत नाई त्याच्याशी काय बोलावं!

मार्च महिन्यात बाजाराच्या दिवशी उर्वशी कॉलेजातून यवतमाळच्या गाडीनं आली. मी घ्यायले गेलतो. स्टँडसमोर फिरोज मेकॅनिकच्या दुकानापाशी ती बोलता बोलता थांबली, जागीच उभी राह्यली अन् मंग धाडकन पडली. मी चप्पल काढली, चहावाल्याचा चमचा घेतला. दाबून धरता धरता वर पाह्यलं, तं भोवती ही गर्दी, अन् फिरोज मोबाइल धरून शूटिंग काढून राह्यला!

माहं डोस्कंच फिरलं. पोट्टी शुद्धीवर आल्याबरोबर मी उठलो अन् त्याच्या कानाखाली वाजवली. "काहून बे, तुही बहीण असती तं काढला असता का व्हिडिओ?" त्यानं मोबाइल खिशात टाकला अन् खाली मान घालून दुकानात गेला. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असली ही जात माणसांची. दोन दिवस मी त्याले घरात बसून शिव्या देल्ल्या. पोट्टीचा दात तुटलता, खांदा सुजलता, त्याचाही राग त्याच्यावरच काढला.

एप्रिलात एका आठवड्यात चार फिट आल्या. मंग मी ठरवलं, आता मेंदूचाच डॉक्टर. प्रभावती रडाले लागली, "दादा, तो तं येड्यायचा डॉक्टर असते. पोट्टीशी लगन कोण करीन मंग?" मी म्हणलं, "बाई, येड्यायचा डॉक्टर वेगळा. तो तुह्यासाठी पाहू कधीतरी." नागपूरहून एक न्यूरॉलॉजिस्ट बाई दर दुसऱ्या शनिवारी यवतमाळले येते असं समजलं. नंबर लावला.

डॉक्टरीण जेमतेम पस्तिशीची निघाली. मी मनात म्हणलं, झालं, ही काय सांगते मले! तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "फिट सुरू होताना आधी काय हलतं? कोणता हात? मान कुठल्या बाजूला वळते?"

मी प्रभावतीकडे पाह्यलं. प्रभावती म्हणे, "आम्ही लगेच चादर टाकतो ना मॅडम."

"बरं. किती वेळ चालते?"

"पंधरा-वीस मिनिटं," मी ठासून सांगतलं.

"घड्याळ पाहिलं होतं?"

गाडी चार मिनिटं लेट आली तरी रजिस्टरात लिहिणारा माणूस मी. घड्याळ पाह्यलंच नव्हतं, एकदाही नाई.

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवला. म्हणे, "सगळ्या फिट सारख्या नसतात. मेंदूच्या एखाद्या भागातून सुरू होणारी वेगळी, एकदम सगळ्या मेंदूत होणारी वेगळी. त्यावर गोळी ठरते. ईईजी काढू, पण तो कधीकधी नॉर्मलही येतो. कोणीतरी नीट पाहिलेलं मला हवं आहे. मोबाइलवर व्हिडिओ आहे का?"

उर्वशी म्हणे, "हाये. फिरोजभाऊकडे."

व्हरांड्यात जाऊन मले त्याले फोन लावा लागला. "फिरोज, तो व्हिडिओ... तू डिलीट केला अशीन."

"नाई मामा. माही बहीण शहनाज हाये ना, तिलेही येते. नागपूरच्या डॉक्टरनं असाच मांगतलता. म्हणून ती थांबल्याबरोबर काढाले लागलो. थांबा, पाठवतो."

माफ कर म्हणाचं होतं मले. "आवाज कटून राह्यला," असं म्हणून मी फोन ठेवला.

डॉक्टरणीनं व्हिडिओ तीनदा पाह्यला. डाव्या हाताचा अंगठा पहिले वळते, मंग गाल ओढल्या जाते, मान डावीकडे फिरते अन् मंग सारं अंग. तिनं जुनी गोळी कशी बदलायची ते लिहून देल्लं, एमआरआय सांगतला. उर्वशी खुर्चीवरून उठून तिच्या मांगं उभी राह्यली. तीन वर्षांत पोट्टीनं स्वतःले काय होते ते पहिल्यांदा पाह्यलं. डोळ्यात पाणी होतं, पण तिनं नजर नाई काढली.

"एक मिनिट बेचाळीस सेकंद," डॉक्टरीण म्हणे. "आणि खांद्यावर गुडघा देऊन दातात चमचा घालणारे हे कोण?"

मोबाइलमधून माहाच आवाज येऊन राह्यलता, "दाबा रे, दाबून धरा!"

"दात चमच्यानं तुटला आहे. खांदाही बहुतेक या गुडघ्यामुळेच," ती म्हणे. आवाजही चढवला नाई तिनं. "तिला कुशीवर करायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आणि घड्याळ बघायचं. तोंडात काही घालायचं नाही, दाबायचं नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच दवाखाना. घरी तिच्याजवळ कोण असतं? त्यांना एकदा करून दाखवते."

मी खुर्ची पुढं ओढली.

"मॅडम," उर्वशी म्हणे, "मामाले नका सांगू. आईले दाखवा. मामाले सारं पहिलेच समजते."

डॉक्टरणीनं माह्याकडे एकदा पाह्यलं, अन् प्रभावतीले जवळ बोलावलं.