लाल पाटीच्या आतला माणूस

मित्रांनो, आधी देवानंदची तक्रार सांगते, मग माझी ओळख. हा मुलगा मला टेपमध्ये घालायचा, अर्ध्यात कंटाळायचा आणि थेट भिंतीवरचं बटन बंद करायचा. मला बाहेर काढायची तसदी नाही, डबीत ठेवायची रीत नाही. एकदा तर चहाचा कप माझ्यावर टेकवला. शिकत होता म्हणे बिजलीचं, दुर्गच्या कॉलेजात. शिकलेल्याचे हात असे असतील तर अडाणी बरे.

मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे. मला नुसती वाजवली तर कानाला करकर ऐकू येते, कोणीतरी पत्रा खरवडत असल्यासारखी. पण तीच करकर छोट्या कॉम्प्युटरला ऐकवली, की पाच मिनिटांनी टीव्हीवर एक कारखाना उभा राहतो. तो कारखाना म्हणजे मी.

मला नरहरीनं घडवलं. नरहरी हा देवानंदचा मोठा भाऊ. दुर्गजवळ हथखोजच्या एका लहान कारखान्यात तो बिजलीचं काम करायचा. साल अठ्ठ्याऐंशी. बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून त्यानं तो जुना कॉम्प्युटर घेतला आणि वर्षभर सुट्टीच्या दिवशी माझ्यापाशी बसला. त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. नरहरीनं एकेक अक्षर ठिपक्याला ठिपका जोडून काढलं, रांगोळी काढावी तसं. इंग्रजी बटनांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कारण त्याची आई दुर्गाबाई मराठी दुसरीपर्यंतच शिकलेली होती, आणि पहिली खेळाडू तीच व्हावी असं त्याच्या मनात होतं.

खेळ साधा आहे, पण सोपा नाही. कारखान्यात पाच ठिपक्यांएवढा एक माणूस असतो. एकेका अंधाऱ्या खोलीतली बिजली त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायची, आणि त्यासाठी त्याला हुकमांची यादी लिहून द्यायची. दोन पावलं चल. डावीकडे वळ. भिंत लागली तर थांब. पुन्हा पहिल्यापासून. यादी बारा ओळींची, तेरावी ओळ मी घेत नाही. एकदा यादी दिली की मधे बोलता येत नाही, नुसतं बघत बसायचं. यादी चुकली तर तो भिंतीवर डोकं आपटत राहतो. टक. टक. टक. रागवत नाही, थकत नाही.

पहिल्या दिवशी दुर्गाबाई म्हणाली, "हा तर तुह्या बापावानी हाय. सांगतलं तेवढंच करते. भाजी आण म्हटलं तर भाजी घेते, अन् पिशवी दुकानातच ठेवून येते."

नरहरी खूप हसला. त्याचं हसणं मला अजून आठवतं, कारण पुढे त्या घरात फारसं कोणी हसलं नाही.

नरहरीनं कारखान्याची एक रीत माझ्यात जशीच्या तशी घातली. बिजलीच्या खोलीत शिरण्याआधी दारावर आपल्या नावाची लाल पाटी टांगायची. पाटी आहे तोवर आतली बिजली बंद. आणि ती पाटी ज्यानं टांगली, त्यानंच बाहेर येऊन काढायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मालकानंसुद्धा नाही. मग बिजली सुरू करण्याआधी तीनदा हाक द्यायची, "आत कोणी आहे का?" उत्तराची वाट बघायची. मगच बटन.

नव्वद सालच्या भादव्यात नरहरीला कावीळ झाली. ज्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं, त्या सकाळी तो माझ्याशीच खेळत होता. सातव्या खोलीत माणूस आत असतानाच त्यानं खेळ थांबवला, जसा होता तसा माझ्यावर उतरवून ठेवला आणि रिक्षात बसला. तो परत आला नाही.

दहाव्या दिवशी शिवनाथ नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. नातलगांनी एकेक वचन दिलं. आईला सांभाळू, देवानंदचं शिक्षण पुरं करू. कावळा हलला नाही. ऊन चढल्यावर भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतलं. घरी आल्यावर दुर्गाबाई एकेक फडताळ उघडून बघू लागली. पोराचं काय राहून गेलं, एवढंच तिला हवं होतं.

महिनाभरानं देवानंदनं मला हातात घेतलं. मित्राच्या वरातीसाठी त्याला माझ्यावर गाणी भरायची होती. पुसण्याआधी सहज बघावं म्हणून त्यानं मला लावलं. मी नाव विचारलं. त्यानं स्वतःचं टाकलं. "आलास, देवानंद," असं मी लिहिलं. सगळ्यांना तसंच लिहिते, नरहरीची शिकवण आहे. कारखान्यात नवा माणूस उभा राहिला. तो चालत सातव्या खोलीपाशी गेला. दारावर लाल पाटी होती. खाली अक्षरं उमटली: नरहरी आत आहे.

दुर्गाबाई मागे तांदूळ निवडत बसली होती. तिनं ती अक्षरं एकेक करून वाचली. सुपातला हात तसाच राहिला.

"देवा, हे तू लिवलं?"

"नाही ना आई. दादाचा गेम आहे, अधूरा. सेव करून ठेवला होता त्यानं."

"कोन्या दिवशी?"

"दवाखान्यात नेलं त्या दिवशी."

दाराच्या आतून आवाज येत होता. टक. टक. टक.

"मंग कावळा कसा शिवन?" ती म्हणाली. "पोरगं आतच हाय."

"आई, ठिपके आहेत ते."

"तू बी माह्या पोटात ठिपकाच होता."

देवानंदनं तोंड वाकडं केलं. "ठीक है. पाटी काढून टाकतो. प्रोग्राममध्ये दोन ओळी बदलल्या की झालं."

"पाटीले हात लावू नको."

"मग दादाचं नाव टाकतो. आतल्या माणसाला तोच हुकूम देऊ शकतो ना."

दुर्गाबाईनं त्याचा हात बटनांवरून बाजूला केला. "मेलेल्या भावाच्या नावानं सही करतो? नाव मी ठेवलं होतं, बारश्याले. टाकायचंच असन तर मी टाकीन. अन् त्याच्या आधी वरातीचं नाव काढलं, तर तुह्या वरातीले मी येनार नाही."

मित्रांनो, माझ्यापाशी पुष्कळ हुशार मंडळी बसली, पण त्या बाईसारखं मला कोणी वाचलं नाही. तिनं आधी नरहरीची शेवटची यादी समजून घेतली. चूक लहानच होती. आत शिरल्यावर वळायचा हुकूम लिहायचा राहिला होता, आणि शेवटची ओळ होती 'पुन्हा पहिल्यापासून'. ताप असलेल्या माणसाची चूक. म्हणून तो भिंतीला जाऊन भिडत होता.

मग तिनं अंगणात खडूनं कारखाना आखला. रोज दुपारी जेवणं झाली की स्वतःच हुकूम द्यायची आणि स्वतःच ते पाळायची. दोन पावलं चल. वळ. थांब. शेजारच्या राधाबाईनं एकदा कुंपणावरून विचारलं, "दुर्गाबाई, काही हरवलं का जी?"

"पोरगं," दुर्गाबाई म्हणाली आणि उजवीकडे वळली. राधाबाई त्यानंतर त्या बाजूला आली नाही.

नवव्या दुपारी यादी जमली. अकरा ओळींत बसली. देवानंदनं मला लावलं. दुर्गाबाईनं डोळ्यांना पदर लावला, चिठ्ठ्या शोधल्या आणि एकेक अक्षर दाबलं. न. र. ह. री.

"आलास, नरहरी," मी लिहिलं.

खोलीत ऊन होतं, तरी देवानंदनं हाताची घडी घट्ट घातली.

अकरा ओळी लिहून झाल्या. आतली टकटक थांबली. माणूस वळला, दारातून बाहेर आला, आपली पाटी आपल्या हातानं काढली आणि बाजूला उभा राहिला. अकरावी ओळ संपली. मग मी रीतीप्रमाणे विचारलं: आत कोणी आहे का? हो, की नाही?

देवानंदचं बोट 'नाही'कडे गेलं. त्याला घाई होती. नरहरीच्या जागेवर कामाला ये, असा हथखोजच्या कारखान्याच्या मालकाचा निरोप आला होता आणि त्याला त्याच दिवशी उत्तर द्यायचं होतं. दुर्गाबाईनं त्याचं मनगट धरलं. मग टीव्हीकडे तोंड करून तिनं हाक दिली, विहिरीत डोकावून द्यावी तशी.

"नरहरी, आत कोणी हाय का रे?"

ती थांबली. दुसऱ्यांदा हाक दिली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा टीव्हीजवळ वाकून दिली.

आता सांगते ते नीट ऐका. माझ्यात बारावी ओळ रिकामी होती. मी तपासून सांगते, रिकामी होती. तरीही तो पाच ठिपक्यांचा माणूस फिरला. तोंड तिच्याकडे करून थोडा वेळ उभा राहिला. माझ्या माणसाला तोंड नाही, नरहरीनं काढलंच नव्हतं. पण ते तिच्याकडेच होतं. मग तो, आमच्या घराचं दार होतं त्या बाजूला चालत गेला आणि टीव्हीच्या काचेच्या कडेपलीकडे दिसेनासा झाला.

दुर्गाबाईनं मनगट सोडलं आणि स्वतः 'नाही' दाबलं. सातव्या खोलीत उजेड झाला. खोली रिकामी होती. "हे असंच उतरव कॅसेटवर," ती म्हणाली, आणि देवानंदनं पहिल्यांदा मला दोन्ही हातांनी धरलं.

तेव्हापासून सातव्या खोलीत कोणी नाही. माझ्यावर गाणी भरली गेली नाहीत. मी डबीत असते, टेप वाळते, कडा पिवळ्या पडल्या आहेत, आणि माझं मागणं थोडंच आहे. मित्रांनो, जुनी वस्तू पुसण्याआधी, तोडण्याआधी, तिचं बटन दाबण्याआधी एक हाक द्या. उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ उभे राहा.

त्या दुपारी देवानंद कपाळ पुसत म्हणाला, "गलती असन कुठंतरी, प्रोग्राममध्ये." मग जरा थांबून, "आई, मालकाचा माणूस बाहेर उभा आहे. काय सांगू? उद्यापासून येतो म्हणू?"

दुर्गाबाई सूप घेऊन उठली. दाराबाहेरच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"तू हुशार हायेस, देवा. पन तुहं बोट न विचारता बटनावर गेलं. माह्या डोळ्यानं पाह्यलं मी. दुसऱ्याचं पोरगं आत असन तेव्हा ते बटन तुह्या हाती मी देनार नाही. त्याले सांग, आई नाही म्हनते."