बिनडागाचा धूर

“बघा, बघा! डागच नाही!”

छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत एकच गलका. मी शाळेच्या प्रश्नपत्रिकांचं प्रूफ तपासायला आलो होतो. बघतो तर मंडळी डबे उघडे टाकून एका पांढऱ्या कोटाभोवती गोळा झालेली. कोटातले गृहस्थ म्हणे ‘धूम्र-संशोधन केंद्रा’चे शास्त्रज्ञ. त्यांनी साध्या सिगारेटचा धूर रुमालावर फुंकला. तपकिरी डाग पडला. मग एका सिगारेट कंपनीच्या नव्या फिल्टरवालीचा फुंकला. रुमालाचा दुसरा कोपरा जवळजवळ कोरा!

“धुरातलं विष फिल्टरने गिळलं!” साहेब गरजले. “तसं धुरात विष असतं की नाही, यावरच अजून संशोधन चालू आहे म्हणा.”

वा रे पठ्ठे! नसलेलं विष गिळणारा फिल्टर!

दादा सगळ्यांच्या पुढे. माझा थोरला भाऊ, इथलाच मशीनमन. खोकल्यातून रक्त पडलं, म्हणून डॉक्टरांनी त्याची सिगारेट बंद केलेली. त्याने नव्या पाकिटाला हात घातला तशी बाइंडिंग खात्यात कामाला असलेली वहिनी धावत आली.

“अहो, नको ना!” ती रडवेली झाली.

“अगं, शास्त्राने सिद्ध केलंय!”

मी पुढे झालो. “दादा, दोन शाया ताडून बघायच्या तर तू काय करतोस?”

“कागद तोच, दाब तोच. त्यात काय विचारायचं?”

“मग साहेबांचा दाब बघ की! साध्या सिगारेटचा धूर गालात धरून लगेच फुंकला. नवीचा छातीत ओढला, थांबले, मग सोडला. साहेब, आता उलट करून दाखवा.”

“मला जरा उशीर होतोय…”

“होऊ दे,” म्हणत वहिनी दारात उभी राहिली.

नाइलाजाने साहेबांनी नवीचा धूर गालातून फुंकला. हा एवढा डाग! साधीचा छातीत ओढून सोडला, तर चौथा कोपरा जवळजवळ कोरा. मंडळी खो-खो हसत सुटली. केंद्राला पैसा कोण पुरवतं, असं मी विचारलं, तर साहेब कोटाची बटणं लावायला लागले. कंपनीच पुरवत होती, दुसरं कोण?

“पण भाऊजी,” वहिनीने विचारलं, “छातीत ओढला तेव्हाचा डाग गेला कुठे?”

मी बोलणार तेवढ्यात दादाने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. हसू थांबलं. त्याने पाकीट साहेबांच्या हातात परत दिलं.

तेव्हा बाबांनो, पांढरा कोट दिसला की लगेच माना डोलवू नका. दोन्हींची परीक्षा सारखीच घेतली का, आणि परीक्षकाला पोसतं कोण, एवढं तरी विचारा. साहेबांचा मागे राहिलेला रुमाल वहिनीने साबण लावून धुतला. छाती तशी धुता येत नाही.