खोगीरभरतीची साक्ष

फालतू मजकुराला, सभेतल्या रिकाम्या डोक्यांना तुम्ही खुशाल 'खोगीरभरती' म्हणता. मी खुद्द खोगीर बोलतोय. ती भरती, म्हणजे साधी लोकर, माझ्या पोटात आहे. आणि तिच्यामुळे एका घोड्याचं घर सुटता सुटता राहिलं.

मी जन्मलो एका चर्मकाराच्या बाकावर. मला विकत घेतलं ते एका ड्रेसाजपटू मुलीने. ड्रेसाज म्हणजे शर्यत नव्हे, उड्याही नव्हेत. वाळूच्या मैदानात घोड्याने नजाकतीने चालायचं, वळायचं, जागच्या जागी थिरकायचं. स्वाराने तोंडातून ब्र काढला तरी गुण कापतात. म्हणून ती बोलायची बैठकीतून, अंगाचा भार इकडेतिकडे करून. तिचा शब्द आधी मला कळायचा, मग घोड्याला.

घोडा काळा, देखणा आणि भलताच मानी. तिची आत्याच तिची प्रशिक्षक होती. आत्या त्याला 'जावईबापू' म्हणायची.

काही वर्षं झकास गेली. मग एकदा सरावात मुलगी पडली, कंबरेला जबर मार बसला. बरी होऊन परतली, तर जावईबापू बिघडलेले. मैदानाच्या मधल्या रेषेवरून सरळ चालायचं सोडून हे डावीकडे सरकायचे. ऑलिम्पिकची निवड तर तोंडावर आलेली.

"पुरे झाली मनधरणी," आत्या म्हणाली. "विकून टाक. दुसरा घोडा घे."

"तो मुद्दाम नाही करत गं."

"मग काय मी ढकलते त्याला?"

मला सगळं कळत होतं. पण खोगिराला विचारतो कोण?

गिऱ्हाईक ठरलं. त्या दुपारी तिने मला उतरवलं, पुसायला म्हणून टेबलावर पालथं घातलं आणि पोटावरून हात फिरवला. हात थबकला. उजवीकडे लोकर मऊ, डावीकडे लाकडासारखी टणक.

"आत्या, इकडे ये. हात लाव."

"भरती बसलीय. भरून घेऊ."

"एकाच बाजूची कशी बसली?"

आत्याने दोन्ही बाजू पुन्हा चाचपल्या.

"कंबर अजून दुखते म्हणून मी डावीकडे कलते. तो बिचारा माझ्या वजनाखाली जातोय. वाकडा तो नाही, आत्या. वाकडी मी आहे."

आत्याने फोन उचलला. "अहो, व्यवहार रद्द. आमच्यात जावई विकत नाहीत."

मला नवी भरती मिळाली, तिला नवी शिस्त. रोज रिकिबीशिवाय बसायचं आणि मागून आत्याची तोफ: "उजवी बाजू भाड्याने दिलीयस का? बस तिकडे!" ती रडली, चिडली, पण बसली.

निवड झाली. ऑलिम्पिकच्या मैदानात आम्ही शिरलो, तेव्हा मला दोन्हीकडे सारखा भार जाणवला. जावईबापू मधल्या रेषेवरून सरळ गेले आणि चारी पाय रोवून उभे राहिले. तिने पंचांना अभिवादन केलं. पदक मिळालं नाही, नंबर बराच खाली लागला. बाहेर येताच तिने आधी माझा पट्टा सैल केला आणि घोड्याच्या मानेत तोंड खुपसलं. आत्या डोळे पुसत म्हणाली, "धूळ फार आहे इथे."

आता घोडा म्हातारा झालाय, कुरणात मोकळा चरतो. माझं कातडं तडकलंय, उद्या मी अडगळीत जाईन. त्याचं दुःख नाही. एवढंच मागणं आहे: कुणी वाकडं चालतंय असं वाटलं, तर चाबूक उचलण्याआधी त्याच्या पाठीवर आपण कसे बसलोय, तेवढं बघा.